प्रस्तावना शेवटी लिहा

२०२४ च्या श्रावणातली गोष्ट आहे. शेलूला आमच्या शेजारी राहणारी नववीतील एक मुलगी प्रकल्पाची वही घेऊन घरी आली. विषय होता 'आमच्या परिसरातील एक पक्षी'. तिने सुगरण निवडली होती. "काका, सगळं लिहून झालंय. फक्त प्रस्तावना तेवढी नीट करून द्या," ती म्हणाली.

मी पहिले पान वाचले. त्यावर असे होते : 'प्राचीन काळापासून मानव आणि पक्षी यांचे अतूट नाते आहे. पक्षी हे निसर्गाचे अनमोल लेणे आहे. सुगरण ही एक कुशल पक्षीण असून ती आपल्या पिलांसाठी सुंदर घरटे विणते. तिच्याकडून आपण कष्टाळूपणा शिकला पाहिजे.'

अक्षर वळणदार, शुद्धलेखन चोख. वही सहज चाळली, तर चौथ्या पानावर पेन्सिलीने घाईघाईत लिहिलेल्या काही ओळी दिसल्या. 'विहिरीवरची शिंदी. खोपे २३. पुरे १४, अर्धे ९. विणणारे सगळे पिवळ्या डोक्याचे. भुरे पक्षी येतात, आत डोकावतात, जातात.'

"हे तुला कोणी सांगितलं?" मी विचारले.

"कोणी नाही. मीच बघितलं. पण ते कच्चं आहे, काका. पक्कं पहिल्या पानावर आहे."

कच्चे आणि पक्के! जे तिने स्वतःच्या डोळ्यांनी आठ रविवार पाहिले ते कच्चे, आणि जे कुठून तरी उतरवून घेतले ते पक्के. बरे, या दोहोंत विसंगती आहे हेही तिच्या ध्यानात आले नव्हते. पहिले पान म्हणते, पक्षीण विणते. चौथे पान म्हणते, विणणारे सगळे पिवळ्या डोक्याचे. पिवळ्या डोक्याचा असतो तो नर. मादी भुरी, चिमणीसारखी दिसणारी. म्हणजे पहिल्या पानावरची प्रस्तावना चूक होती, आणि ती चूक असल्याचा पुरावा त्याच वहीत तीन पाने पुढे होता.

यात तिचा दोष थोडा आहे. आपल्या भाषेनेच या पक्ष्याला 'सुगरण' असे स्त्रीलिंगी नाव देऊन ठेवले आहे. बहिणाबाईंच्या कवितेतही खोपा करणारी आईच आहे, आणि कवितेत ते शोभते. पण अहवाल म्हणजे कविता नव्हे. शेतात जाऊन पाहाल तर नर भाताच्या किंवा गवताच्या पात्याला चोचीने कडेला खाच पाडतो, पट्टी चिमटीत धरतो आणि उडता उडता ती सोलून काढतो. अशा पट्ट्या आणण्यासाठी तो शेकडो फेऱ्या मारतो. घरटे उलट्या टोपीइतके झाले, की तो थांबतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावू लागतो. मादी येते, आत शिरून पाहते, पसंत पडले तर राहते. मग नर खाली लोंबणारी नळी पुरी करतो. पसंत पडले नाही, तर ते घरटे तसेच अर्धे राहते. त्या मुलीच्या वहीतले '९ अर्धे' आणि 'आत डोकावतात, जातात' यांचा अर्थ हा असा लागतो.

ही हकिगत उलगडली तीही आपल्याच जिल्ह्यात. १९३० मध्ये डॉ. सलीम अली जर्मनीतून शिकून परत आले, तेव्हा त्यांना मनासारखी नोकरी मिळेना. ते पत्नीसह अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले. तेथे सुगरणींची वसाहत होती. पावसाळाभर ते कोणते घरटे कोणी सुरू केले, कोण आले, कोण राहिले, याच्या नोंदी करत बसले. अर्धवट घरटी नराच्या बसण्यासाठी असतात, असा तोपर्यंत समज होता. सलीम अलींना दिसले ते निराळेच. एका मादीने घर घेतले आणि ती अंड्यांवर बसली, की तोच नर दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. १९३१ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. किहीमला जाण्यापूर्वीच त्यांनी 'सुगरण ही कुशल पक्षीण असून' असे पहिले वाक्य पक्के केले असते, तर?

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याने पक्ष्यांत चोच का खुपसावी, असे कोणी विचारील. कारण हेच विद्यार्थी पुढे आमच्याकडे येतात. लंबकाच्या प्रयोगाची जर्नल उघडावी, तर तेथेही पहिले वाक्य 'प्राचीन काळापासून मानवाला काळाचे कुतूहल आहे' असेच! लंबक किती लांबीचा होता, दोलने किती मोजली, ते तिसऱ्या पानावर. ही खोड शाळेतल्या पहिल्या प्रकल्पापासून लागते, आणि आम्ही शिक्षकच ती लावतो. मीही नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षे प्रस्तावना फळ्यावर लिहून देत असे. साठ वह्या तपासायच्या असल्या म्हणजे साठ सारख्या प्रस्तावना फार सोयीच्या पडतात.

प्राण्यांवरील अहवालांच्या प्रस्तावना तर साच्यातून काढल्यासारख्या असतात. 'मोर हा आपला राष्ट्रीय पक्षी आहे.' 'शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे.' ही वाक्ये खोटी नाहीत. पण मोराला १९६३ साली हा मान मिळाला, ही माहिती सरकारच्या निर्णयाची झाली. तिच्यात मोराविषयी काही नाही. त्यानंतर प्राणी किती उपयुक्त आहे ते येते आणि शेवटी 'त्याचे संरक्षण करणे आपले कर्तव्य आहे'. मोराच्या जागी गाय, घुबड किंवा बेडूक घातला तरी वाक्ये बिनतक्रार चालतात. जी प्रस्तावना कोणत्याही प्राण्याला चालते ती एकाही प्राण्याची नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. हा साचा मुळात निबंधाचा. निबंधात आरंभ डौलदार असावा लागतो. अहवाल वाचणाऱ्याला मात्र डौल नको असतो. त्याला कळायला हवे असते की हा कोणता प्राणी, तो कोठे आणि केव्हा पाहिला, आणि पाहणाऱ्याला नेमके काय जाणून घ्यायचे होते.

'कोणता प्राणी' हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपल्याकडे सुगरणीच्याही एकाहून अधिक जाती आहेत. छातीवर काळ्या रेघा असलेली एक जात पाणथळीतल्या उंच गवतात घरटी करते. तेव्हा कोणती सुगरण हे सांगावे लागते. अशा वेळी शास्त्रीय नाव उपयोगी पडते. आपल्या नेहमीच्या सुगरणीचे नाव प्लोसियस फिलिपिनस. या नावाची गंमत पाहा. १७६६ मध्ये लिनियसने या पक्ष्याचे नामकरण केले, तेव्हा हा फिलिपाइन्सचा पक्षी आहे अशी समजूत होती. वास्तविक हा पक्षी मूळचा तेथला नव्हेच. तो भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशियाचा. पण नामकरणाच्या नियमांमुळे नाव बदलता येत नाही. एकदा 'कोठे' चुकले, ते अडीचशे वर्षे चुकलेलेच राहिले.

तारखेचेही तसेच आहे. पुष्कळ मुले तारीख ही वहीची शोभा समजतात. पण पावसाळा सरला की सुगरण नराचा पिवळा रंग जातो आणि तोही मादीसारखाच भुरा दिसू लागतो. 'विणणारे सगळे पिवळ्या डोक्याचे' ही नोंद जुलैची असेल तर तिला मोल आहे. तारीखच नसेल, तर ती डिसेंबरात पडताळायला निघालेला माणूस गोंधळून परत येईल आणि तुम्हाला खोटे ठरवील.

आता ऐकीव गोष्टींविषयी. सुगरण घरट्यात चिखलाचा गोळा ठेवते आणि त्यात काजवा चिकटवून रात्री उजेड करते, हे आमच्या भागात पुष्कळांनी ऐकलेले आहे. त्या मुलीच्या आजोबांनीही तिला हे सांगितले होते. या गोष्टीतला चिखल खरा आहे. अर्धवट घरट्याच्या आतल्या बाजूला नर ओल्या मातीचे लपके लावतो. वाऱ्याने हलके घरटे फार हेलकावू नये म्हणून असावेत, असा एक तर्क आहे. काजव्याच्या दिव्याला मात्र निरीक्षणाचा आधार नाही. मग आजोबांचे सांगणे प्रस्तावनेतून गाळून टाकावे काय? मुळीच नाही. ते लिहावे, पण 'आजोबा सांगतात' असे म्हणून लिहावे, आणि खाली पडलेले घरटे उघडून आपल्याला काय मिळाले तेही पुढे लिहावे. डार्विनने १८८१ मध्ये गांडुळांवर पुस्तक लिहिले. त्याच्या प्रस्तावनेत, आपले म्हणणे कोणाला पटले नव्हते आणि का, हेही त्याने नोंदले आहे. गांडुळासारख्या प्राण्यावरच्या पुस्तकातही एवढा मोकळेपणा आहे.

ऐकलेले आणि पाहिलेले यांची गल्लत प्राण्याच्या जिवावरही बेतू शकते. 'मांडूळ हा दोन तोंडांचा साप आहे' हे वाक्य मी एकाहून अधिक वह्यांत पहिल्या ओळीत वाचले आहे. मांडूळ बिनविषारी. त्याचे शेपूट बोथट असते, म्हणून दोन्ही टोके तोंडासारखी भासतात. तोंड एकच. पण 'दुतोंड्या' म्हटले की त्याच्याभोवती गुप्तधनाच्या आणि लाखो रुपयांच्या अफवा जमतात, आणि तो बिचारा पोत्यात बांधला जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे, तरी त्याच्या चोरट्या विक्रीची प्रकरणे महाराष्ट्रात वारंवार उघडकीला येतात. शाळेच्या वहीत शिक्षकांची सही घेऊन बसलेले ते वाक्य त्या अफवेला साक्षीदार मिळवून देते. त्याच प्रस्तावनेत 'आपण प्राण्यांचे संरक्षण केले पाहिजे' असेही लिहिलेले असते.

म्हणून विद्यार्थीमित्रहो, माझे सांगणे असे की प्रस्तावना शेवटी लिहावी. वहीत ती पहिल्या पानावरच राहू द्या. पण ते पान कोरे ठेवा आणि सगळ्या नोंदी झाल्यावर भरा. आपण काय पाहिले हे कळल्याशिवाय आपण काय पाहायला निघालो होतो, हेही पुष्कळदा नीट सांगता येत नाही.

यावर शिक्षकमंडळींचा आक्षेप मला ठाऊक आहे. नववीच्या मुलाला कोरे पान दिले तर ते कोरेच परत येते. त्याला काहीतरी चौकट लागते. आक्षेप खरा आहे. चौकट द्यावीच, पण ती प्रश्नांची द्यावी, वाक्यांची नव्हे. मी त्या मुलीला एकच काम सांगितले. चौथ्या पानावरच्या प्रत्येक ओळीपुढे 'पाहिले', 'ऐकले' किंवा 'वाचले' यांपैकी एक शब्द लिहायचा. मग पहिल्या पानाच्या प्रत्येक वाक्यापुढेही तेच करायचे. पहिल्या पानाशी ती बराच वेळ अडून बसली. 'अतूट नाते' पाहिलेले नव्हते, ऐकलेले नव्हते, कोठे वाचले तेही आठवेना. शेवटी तिने आपणहून ते पान खोडले.

दरम्यान तिला एक गोष्ट खटकत होती. खोपे झाडाला सगळीकडे सारखे नव्हते, एका अंगाला जास्त होते. मी तिला होकायंत्र दिले आणि विहिरीवरच्या पंपाच्या लोखंडापासून लांब उभे राहून सुई पाहायला सांगितले. (हे सांगावेच लागते, नाहीतर पूर्व दिशा पंपाकडे जाते!) २३ पैकी १७ खोपे पूर्वेच्या अंगाला निघाले. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. त्याच्या आडोशाला म्हणून सुगरणी बहुधा झाडाची पूर्व बाजू धरतात, असे अन्यत्रही आढळले आहे. मी हे मोठ्या उत्साहाने तिला सांगितले. ती म्हणाली, "पण काका, विहीर पण तिकडेच आहे."

खरेच होते. सुगरणींना पाण्यावर लोंबणारी फांदीही आवडते, कारण तेथे साप आणि उंदीर सहसा पोचत नाहीत. झाड विहिरीच्या पश्चिम काठावर होते. मग खोपे पूर्वेला होते ते वाऱ्यामुळे की पाण्यामुळे? त्या एका झाडावरून सांगता येण्यासारखे नव्हते. प्रयोगशाळेत दोन कारणे एकदम बदलू नका असे आम्ही वर्षानुवर्षे बजावतो. ते येथे मला नववीतल्या मुलीने दाखवून दिले.

तिची नवी प्रस्तावना मी तिच्या परवानगीने येथे देतो.

'हा अहवाल सुगरण या पक्ष्याविषयी आहे. हिंदीत याला बया म्हणतात. शेलू (ता. कर्जत) येथे आमच्या घरामागच्या भातशेतात विहिरीच्या पश्चिम काठावर शिंदीचे झाड आहे. ३० जून ते १८ ऑगस्ट २०२४ या काळात आठ रविवारी सकाळी ७ ते ८ मी त्या झाडावरचे खोपे बांधावरून पाहिले. दुर्बीण नव्हती. विणताना मला फक्त पिवळ्या डोक्याचे पक्षी दिसले. ते नर असतात हे मी नंतर वाचले. खोप्यात काजवे असतात असे आजोबा सांगतात. पडलेल्या एका अर्ध्या खोप्यात मला सुकलेला चिखल मिळाला, काजवा मिळाला नाही. बहुतेक खोपे पूर्वेला आहेत. ते वाऱ्यामुळे की खाली विहीर आहे म्हणून, हे मला कळले नाही.'

यात एकही अलंकार नाही. शेवटचे वाक्य गाळावे, कारण 'कळले नाही' लिहिले तर गुण जातात, असे तिला वर्गात कोणीतरी सांगितले होते. मी म्हटले, जाऊ देत. माझ्या दृष्टीने सबंध प्रस्तावनेत तेच वाक्य मोलाचे आहे. पुढे काय पाहायचे ते त्यातूनच ठरते. शिक्षकांना माझी विनंती आहे की अशा वाक्याला गुण द्यावेत, आणि 'प्राचीन काळापासून' ला देऊ नयेत. दोन वर्षे असे केले तर तो प्राचीन काळ आपोआप संपेल.

शाळेतल्या वहीला एवढे महत्त्व कशाला, असे वाटेल. २०२३ मध्ये भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे, आणि तो ३० हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांनी केलेल्या सुमारे ३ कोटी नोंदींवर आधारलेला आहे. त्या नोंदींचा उपयोग झाला तो त्यांत जात, जागा आणि तारीख होती म्हणून. कोणता पक्षी कमी होतो आहे हे ठरवायचे, तर तो पूर्वी कोठे आणि किती होता हे कोणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते. आमच्या शेलूपुरते बोलायचे, तर पश्चिमेला माथेरानच्या रांगेचे डोंगर आणि पूर्वेला उल्हास नदी यांच्यामधली भातखाचरे डोळ्यांदेखत कमी होत आहेत. जेथे लोकलमधून भात दिसे, तेथे इमारती दिसतात. कोणत्या बांधावर काय होते हे सांगणारी माणसे अजून आहेत. पण त्यांचे सांगणे कोणी तारखेनिशी टिपून ठेवलेले नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात त्या शेतात प्लॉट पडले. विहीर बुजवली गेली आणि शिंदीही गेली. ते झाड तेथे होते, त्यावर एका पावसाळ्यात २३ खोपे होते आणि त्यांपैकी १७ पूर्वेला होते, एवढे त्या वहीत आहे. आधीची प्रस्तावना राहिली असती, तर मानव आणि पक्षी यांचे अतूट नाते तेवढे शिल्लक उरले असते.

पुढच्या पावसाळ्यात ती दहावीला होती, अभ्यासाचे दडपण होते, आणि प्रकल्प तर कोणी मागितलाही नव्हता. तरी तिने नदीच्या बाजूला एका बांधावर दुसरी शिंदी शोधली. या झाडाचे वैशिष्ट्य असे की पाण्याचा ओढा त्याच्या पश्चिमेला आहे. म्हणजे वारा एकीकडे ढकलतो आणि पाणी दुसरीकडे बोलावते. तेथे ११ खोपे होते : आठ पूर्वेला कोरड्या बांधावर, तीन ओढ्यावर.

"मग वाराच ना, काका?" तिने विचारले.

"दोन झाडांवरून?"

तिने थोडा विचार करून 'कळले नाही' हे वाक्य नव्या वहीतही तसेच ठेवले. फक्त त्याच्या आधी दोन्ही झाडांचे आकडे लिहिले. वांगणीच्या बाजूला असेच आणखी एक झाड आहे, असे तिला कोणीतरी सांगितले आहे. माझे होकायंत्र अजून तिच्याकडेच आहे.